सामूहिक संहाराच्या अस्त्रांवरील पहारा : जामनेरहून पाहताना

सामूहिक संहाराच्या अस्त्रांना आळा घालणाऱ्या सरकारी योजनांची मुदत वाढवावी की नाही, हा प्रश्न अलीकडच्या काळात अनेक ठिकाणी चर्चेला आला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २८ एप्रिल २००४ रोजी १५४० क्रमांकाचा ठराव केला. अशी अस्त्रे बिगर-सरकारी गटांच्या हाती पडू नयेत म्हणून प्रत्येक देशाने स्वतःचे कायदे करावेत, असे त्यात म्हटले होते. या ठरावावर देखरेख करणाऱ्या समितीला २००६, २००८ आणि २०११ मध्ये मुदतवाढ मिळाली आणि ३० नोव्हेंबर २०२२ च्या ठरावाने ती २०३२ पर्यंत वाढली. अमेरिकेत याच्या उलट घडले. घातक रसायने बाळगणाऱ्या कारखान्यांच्या सुरक्षेची तेथील २००७ पासूनची संघराज्यीय योजना २८ जुलै २०२३ रोजी संपुष्टात आली, कारण तेथील संसदेने वेळेवर मुदत वाढवली नाही.

आपल्याकडे 'सामूहिक संहाराची अस्त्रे आणि त्यांच्या वहन प्रणाली (बेकायदेशीर कृत्यांना प्रतिबंध) अधिनियम' २००५ मध्ये झाला. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. अशा अस्त्रांसाठी पैसा पुरवणे हाही गुन्हा ठरला आणि संशयितांची मालमत्ता गोठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. विधेयक एप्रिलमध्ये लोकसभेत आणि १ ऑगस्ट रोजी राज्यसभेत मंजूर झाले.

या साऱ्या चर्चेत 'वाढ' हा शब्द दोनच अर्थांनी वापरला जातो : मुदतीची वाढ आणि अधिकारांची वाढ. तिसऱ्या प्रकारच्या वाढीचा विचार व्हावा, असे आम्हाला वाटते. हा पहारा जिल्ह्याच्या, तालुक्याच्या आणि गावाच्या पातळीवर किती पोचला आहे? हा प्रश्न दिल्लीत बसून विचारण्यापेक्षा जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी उभे राहून विचारला, तर योजनेचे गुणदोष अधिक स्पष्ट दिसतात. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

शब्दाचा अर्थ

'सामूहिक संहाराची अस्त्रे' या संज्ञेत तीन प्रकार येतात : अण्वस्त्रे, रासायनिक अस्त्रे आणि जैविक अस्त्रे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथे बंदुका-रायफलींची काडतुसे बनतात. ती प्राणघातक असली, तरी या संज्ञेत मोडत नाहीत. गोळी एका वेळी एका माणसाचा वेध घेते. विषारी वायू, रोगजंतू किंवा अणुस्फोट सैनिक आणि नागरिक, तरुण आणि तान्हे मूल असा भेद करत नाहीत. शिवाय त्यांचा परिणाम हल्ल्याच्या जागेपुरता आणि वेळेपुरता मर्यादित राहत नाही. विद्यार्थ्यांना हा फरक सांगणे आवश्यक आहे, कारण वृत्तपत्रांतून ही संज्ञा फार सैलपणे वापरली जाते.

या तिन्ही प्रकारांची आणखी एक अडचण आहे. त्यांना लागणारे ज्ञान, कच्चा माल आणि उपकरणे शांततेच्या कामांतही वापरली जातात. फॉस्फरस ट्रायक्लोराइड हे कीटकनाशकांच्या कारखान्यात रोज लागणारे रसायन आहे. ते रासायनिक अस्त्रांच्या करारातील तिसऱ्या परिशिष्टातही आहे. शाईच्या आणि रंगांच्या उद्योगात वापरले जाणारे थायोडायग्लायकॉल दुसऱ्या परिशिष्टात आहे, कारण ते मस्टर्ड वायूच्या कुळातले आहे. याला 'दुहेरी उपयोग' म्हणतात. बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही, हिशेब ठेवूनच सोडवावा लागतो.

जमेची बाजू

टीका करण्यापूर्वी जमेची बाजू मांडणे न्यायाचे होईल. रासायनिक अस्त्रांच्या संपूर्ण बंदीचा करार १९९३ मध्ये पॅरिसला सह्यांसाठी खुला झाला आणि २९ एप्रिल १९९७ पासून अमलात आला. आज १९३ देश त्याचे सदस्य आहेत. शस्त्रांचा एक संपूर्ण वर्ग मुदत घालून नष्ट करायचा आणि परकी निरीक्षकांना कारखान्यात येऊन तपासू द्यायचे, असा इतका व्यापक करार त्यापूर्वी झालेला नव्हता. सदस्य देशांनी मिळून ७२,३०४ टन रासायनिक अस्त्रे जाहीर केली होती. त्यातला शेवटचा साठा अमेरिकेने ७ जुलै २०२३ रोजी नष्ट केला. या कामावर देखरेख करणाऱ्या हेग येथील संस्थेला २०१३ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

यात भारताची कामगिरीही उल्लेखनीय आहे. भारताने १९९६ मध्ये कराराला मान्यता दिली, १९९७ मध्ये १,०४४ टन सल्फर मस्टर्डचा साठा जाहीर केला आणि २००९ मध्ये तो मुदतीत पूर्णपणे नष्ट केला. अल्बानिया आणि दक्षिण कोरिया यांच्यानंतर हे काम पुरे करणारा भारत तिसरा देश ठरला. कराराची अंमलबजावणी करण्यासाठी आपण २००० साली स्वतंत्र कायदा केला आणि तो १ जुलै २००५ पासून लागू झाला. परिशिष्टांतील रसायने ठरावीक मर्यादेहून अधिक बनवणारे कारखाने दरवर्षी आपली माहिती सरकारला देतात आणि त्यांची तपासणीही होते. निर्यातीवर 'स्कोमेट' या यादीद्वारे नियंत्रण असते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांनाही काही रसायने मागवताना ती कशासाठी हवीत हे लिहून द्यावे लागते. कागदपत्रे वाढली अशी कुरकुर होते, पण ही पद्धत योग्य आहे.

म्हणजे कारखाना, बंदर आणि बँक या तीन ठिकाणी पहारा बसला आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्यांतली बँकेची चौकी मजबूत झाली. आमचा आक्षेप या चौक्यांवर नाही. त्यांच्यातून काही निसटलेच, तर पुढे काय, याचे उत्तर योजनेत फार अंधुक आहे, हा आमचा आक्षेप आहे. त्या उत्तराची जागा तालुक्याच्या दवाखान्यात आहे.

शिवारातले विष आणि युद्धातले विष

जामनेर हा कपाशीचा तालुका. पावसाळ्याच्या उत्तरार्धात बोंडअळी आणि रस शोषणाऱ्या किडी वाढल्या की पाठीवर पंप घेऊन फवारणी सुरू होते. कपाशीवर मारल्या जाणाऱ्या औषधांपैकी प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, ॲसिफेट ही सेंद्रिय फॉस्फरस संयुगे आहेत. अनेक वर्षे वापरात असलेले मोनोक्रोटोफॉस याच गटातले. २०२३ च्या केंद्रीय आदेशाने त्याच्या ३६ टक्के द्रावणाची विक्री थांबवण्याचा निर्णय झाला.

युद्धात वापरले जाणारे चेताविषारी पदार्थ रसायनशास्त्राच्या दृष्टीने याच घराण्यातले आहेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर हे १९३६ मध्ये नवे कीटकनाशक शोधत होते. त्यांना जे संयुग मिळाले ते किडींबरोबर माणसालाही मारणारे निघाले. तेच 'टाबुन'. पुढे याच संशोधनातून 'सरीन' निघाले. १९५० च्या दशकात 'ॲमिटॉन' नावाचे औषध कीटकनाशक म्हणून बाजारात आले होते. ते इतके विषारी निघाले की मागे घ्यावे लागले, आणि त्याच्याच भाऊबंदांतून व्ही-वर्गाची रासायनिक अस्त्रे तयार झाली.

या साऱ्यांची मारण्याची रीत एकच आहे. मज्जातंतूकडून स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे संदेश जातो तो ॲसिटिलकोलिन या रसायनाद्वारे. संदेश पोचला की कोलिनेस्टरेज नावाचे विकर त्याचे तुकडे करून जागा मोकळी करते. सेंद्रिय फॉस्फरस संयुग या विकराला चिकटून बसते. संदेशवाहक साचत जातो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ येते, घाम फुटतो, छातीत स्राव भरतो, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास थांबतो. सरीनच्या बाबतीत हे काही मिनिटांत होऊ शकते, कीटकनाशकाच्या बाबतीत काही तासांत. फरक मात्रेचा आणि वेगाचा आहे.

रीत एक असल्यामुळे उताराही एकच आहे. ॲट्रोपिन हे औषध साचलेल्या संदेशवाहकाचा परिणाम रोखते. 'पाम' या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे दुसरे औषध विकराला चिकटलेले विष सोडवू पाहते, पण ते लवकर द्यावे लागते. काही काळाने विष विकराशी कायमचे जखडले जाते. सोमान या विषाच्या बाबतीत हा अवधी मोजक्या मिनिटांचा, सरीनच्या बाबतीत काही तासांचा असतो. कीटकनाशकांच्या विषबाधेत पामच्या उपयोगाबद्दल वैद्यकात मतभेद आहेत. ॲट्रोपिनबद्दल नाहीत.

आता एक घटना पाहू. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या पंथाने सरीन सोडले. पाच हजारांहून अधिक लोक दवाखान्यांत गेले. राजधानीत डॉक्टर होते, खाटा होत्या, पण पामचा साठा अपुरा होता. शेतकऱ्यांच्या विषबाधेसाठी इतरत्र ठेवलेले पाम नागोयाच्या बाजूने शिंकान्सेन या जलद गाडीने टोकियोला आणावे लागले. हे विष सरीनसारखे असावे, असा फोन करून राजधानीतल्या एका मोठ्या रुग्णालयाला सावध करणारे डॉक्टरही शिन्शू या प्रांतातल्या विद्यापीठाचे होते. आदल्या वर्षी, जून १९९४ मध्ये, त्यांच्या भागातल्या मात्सुमोतो शहरात असाच हल्ला झाला होता आणि रोग्यांची लक्षणे त्यांनी पाहिली होती. संहारक अस्त्राविरुद्ध राजधानीला जे दोन आधार मिळाले, ते दोन्ही बाहेरगावचे होते : विषबाधेचे औषध आणि विषबाधा पाहिलेला डॉक्टर.

पंचेचाळीस ॲम्प्युल्सचा हिशेब

हे आधार आपल्याकडे किती आहेत? तीव्र विषबाधेत ॲट्रोपिन देण्याची डॉक्टरांची एक प्रचलित रीत अशी : पहिली मात्रा सुमारे १.८ मिलिग्रॅम. पाच मिनिटांत छाती मोकळी झाली नाही तर मात्रा दुप्पट, पुन्हा पाच मिनिटांनी त्याच्या दुप्पट. आपल्याकडे ॲट्रोपिनची सामान्य ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमची असते. म्हणजे पहिल्या खेपेला ३, मग ६, मग १२, मग २४. चार मात्रांत ४५ ॲम्प्युल्स, त्याही पंधरा मिनिटांत. नंतर सलाइनमधून चालू ठेवायचे ते वेगळेच. गंभीर रुग्ण दहा असतील तर पहिल्या पंधरा मिनिटांसाठी ४५० ॲम्प्युल्स हव्यात. हे गणित आठवीच्या वर्गातही करता येते. उपचार अर्थातच डॉक्टरांनीच करायचे. गणित केवळ साठ्याचा अंदाज यावा म्हणून मांडले आहे.

हा कल्पनेचा खेळ नव्हे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. विषबाधा नेमकी कोणत्या गटाच्या औषधाने झाली, हे ठरवण्यासाठी रक्तातील कोलिनेस्टरेजची चाचणी उपयोगी पडते. या चाचणीची सोय तेथे वेळेवर नव्हती, ही त्रुटी त्या वेळी पुढे आली. या चाचणीचे तत्त्व १९६१ पासून माहीत आहे. रक्तातले विकर काम करत असेल तर नमुना पिवळा होतो, आणि रंगाची तीव्रता रंगमापकाने मोजता येते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असते त्याहून महागडे उपकरण तिला लागत नाही.

शिक्षकांना अधिक जवळची घटना बिहारमधली आहे. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात गेल्याने २३ मुलांचा मृत्यू झाला. येथे कोणी शत्रू नव्हता, अस्त्र नव्हते. विष मात्र त्याच घराण्यातले होते, आणि मुलांना वाचवण्यासाठी जे लागत होते तेही तेच होते : लक्षणे ओळखणारा माणूस, जवळचा दवाखाना आणि पुरेसे ॲट्रोपिन.

म्हणून आमची पहिली टीका अशी. आपली योजना विषाच्या पिंपांचा हिशेब ठेवते, उताऱ्याच्या ॲम्प्युल्सचा ठेवत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने रासायनिक दहशतवादाविषयी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना अशा प्रसंगांचे प्रशिक्षण दिले जाते. परंतु महाराष्ट्रातली त्यांची बटालियन पुण्याजवळ आहे. तेथून जामनेर सुमारे चारशे किलोमीटर. ज्या विषात पहिली पंधरा मिनिटे महत्त्वाची, तेथे चारशे किलोमीटरवरची मदत दुसऱ्या दिवसाच्या कामाची. पहिल्या तासाचे काम पहूर, शेंदुर्णी, नेरी येथल्या आरोग्यसेवकांनी आणि जामनेरच्या सरकारी रुग्णालयानेच करायचे आहे. किमान किती ॲट्रोपिन कोणत्या पातळीवर असावे आणि ते दर महिन्याला कोणी मोजावे, हे संहारक अस्त्रांपासून संरक्षण देणाऱ्या योजनेचेच कलम असायला हवे.

सुरतेची गाडी

दुसरा प्रकार जैविक. या बाबतीत खानदेशाला एक अनुभव आहे, जो नव्या पिढीला ठाऊक नसतो.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. सुरतेच्या कापड उद्योगात खानदेशातले हजारो लोक पूर्वीपासून आहेत. त्यांचा परतीचा रस्ता म्हणजे नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ हा ताप्ती मार्ग. फुप्फुसाच्या प्लेगचा अधिशयन काळ एक ते चार दिवसांचा आणि सुरत-जळगाव हा प्रवास काही तासांचा. म्हणजे लागण झालेला माणूस धडधाकट अवस्थेत गाडीत चढून धडधाकट अवस्थेतच उतरू शकला असता आणि आजारी पडला असता तो आपल्या गावी.

मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. घबराट त्याच्या मानाने प्रचंड होती. हा प्लेग आहे की नाही, यावर तज्ज्ञांत वाद झाला. हे शत्रूने सोडलेले जैविक अस्त्र आहे काय, अशी शंकाही व्यक्त झाली. वाद मिटला तो प्रयोगशाळेत. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००० साली जंतूंच्या जनुकीय तपासणीवरून तो 'यर्सिनिया पेस्टिस', म्हणजे प्लेगचाच जंतू असल्याचे दाखवले. साथ आठवड्यांत ओसरली होती, शास्त्रीय उत्तराला सहा वर्षे लागली.

येथे एक मूलभूत मुद्दा आहे. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७५ पासून अमलात आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. पण रासायनिक कराराप्रमाणे त्यात निरीक्षकांची तरतूद नाही. ती करण्यासाठी चाललेल्या वाटाघाटी २००१ मध्ये मोडल्या. कारखाना तपासून जंतूंचा हिशेब ठेवणे अवघडही आहे, कारण जंतू वाढतात. चिमूटभर जंतू पुरतात, आणि ते लसीच्या कारखान्यातही असतात. मग पहारा कुठे बसवायचा? आमच्या मते रुग्णाच्या उशाशी. साथ नैसर्गिक असो की घडवून आणलेली, तिचे पहिले दर्शन तापाच्या रुग्णातच होते.

अमेरिकेने २००३ पासून मोठ्या शहरांत हवेचे नमुने घेणारी यंत्रे बसवली. नमुना घेऊन उत्तर मिळायला कित्येक तास लागतात, खोटे इशारे मिळतात, खर्च फार होतो, अशी टीका तेथील सरकारी तपासनिसांनीच केली. त्याआधी, २००१ मध्ये टपालातून काळपुळीचे जंतू पाठवले गेले, पाच माणसे मेली. तेव्हा पहिला रुग्ण ओळखला तो फ्लोरिडातल्या एका डॉक्टरने, मेंदूभोवतीच्या द्रवाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. त्या वेळी कामाला आले ते एक साधे उपकरण आणि संशय घेणारे मन.

आपल्याकडे नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. आरोग्यसेवक लक्षणांची, वैद्यकीय अधिकारी संशयित रोगाची आणि प्रयोगशाळा खात्री झालेल्या रोगाची माहिती ठरावीक नमुन्यात कळवतात, अशी त्याची रचना आहे. २०२१ पासून ही माहिती संगणकावरील नव्या व्यासपीठावर भरली जाऊ लागली. रचना उत्तम आहे. मात्र खानदेशातला रुग्ण ताप आला की बहुधा प्रथम खासगी डॉक्टरकडे जातो आणि खासगी डॉक्टरांकडून येणारी माहिती ही या प्रकल्पाची आरंभापासूनची दुबळी बाजू राहिली आहे. जाळे विणले आहे, पण ज्या बाजूने मासे येतात तिकडे ते सैल आहे. हे जाळे आवळण्याला कोणी 'संहारक अस्त्रांपासून संरक्षण' म्हणत नाही, म्हणून त्याला त्या खात्यातून पैसा आणि मान मिळत नाही. ही आमची दुसरी टीका.

भंगारातला किरणोत्सर्ग

तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात. मे २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत ७.१ किलो युरेनियम जप्त केले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते नैसर्गिक युरेनियम असल्याचे सांगितले. बातम्यांत मात्र कोट्यवधी रुपयांची किंमत आणि बॉम्बची भीती ठळकपणे आली. नैसर्गिक युरेनियमात विखंडनक्षम युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असते. सात किलोत सुमारे ५० ग्रॅम. त्यापासून बॉम्ब होत नाही. तो माल भंगाराच्या व्यवहारातून फिरत होता, ही खरी काळजीची गोष्ट. तिला मथळ्यात जागा मिळाली नाही.

भंगाराचा धोका दिल्लीने २०१० मध्ये पाहिला होता. तेथील एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले जुने गॅमा किरणांचे उपकरण लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. एक कामगार मेला, सात जण किरणोत्सर्गाने जखमी झाले. हे उपकरण कोणी चोरले नव्हते. जुन्या सामानाचे निर्लेखन करताना यादी वाचणारा जाणकार तेथे नव्हता. अणुऊर्जा नियामक मंडळ नवे परवाने काटेकोरपणे देते. जुन्या उपकरणांचा माग प्रत्येक महाविद्यालयाच्या अडगळीच्या खोलीपर्यंत जायला हवा. भंगारवाल्यालाही त्रिदली किरणोत्सर्ग चिन्ह ओळखता यायला हवे. हे चिन्ह शाळेत शिकवायला किती वेळ लागतो?

दोन आक्षेप

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, अशा विषयांची गावोगाव चर्चा केली तर भीती पसरेल आणि दुर्जनांना कल्पना सुचतील. अस्त्र कसे बनते हे सांगण्याची गरज नाही, ते आम्ही येथेही सांगितलेले नाही. लक्षणे, उतारा आणि कळवण्याची जागा एवढेच सांगायचे आहे. १९९४ साली भीती पसरली ती माहितीच्या अभावाने. सुरतेच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले, कारण ते कोणी, कधी आणि किती घ्यायचे हे लोकांना सांगितले गेले नव्हते.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. क्वचित घडणाऱ्या घटनेसाठी प्रत्येक तालुक्यात साठे आणि माणसे ठेवणे परवडेल काय? क्वचित घडणाऱ्या घटनेसाठीच ठेवायचे असते तर परवडले नसते. पण ॲट्रोपिन दर फवारणीच्या हंगामात लागते. ताप दर पावसाळ्यात येतो. या गोष्टी रोजच्या उपयोगाच्या आहेत आणि म्हणूनच संकटाच्या वेळीही चालू स्थितीत सापडतील. कपाटात सीलबंद ठेवलेली विशेष सामग्री वापराविना मुदतबाह्य होते.

उलट बाजूने एक इशाराही द्यायला हवा. तालुक्यापर्यंत विस्तार म्हणजे कृषी सेवा केंद्रांवर आणखी धाडी, आणखी परवाने, असा अर्थ लावला गेला तर नुकसानच होईल. झडतीच्या भीतीने दुकानदार नोंदी लपवतात, रुग्णाचे नातेवाईक कोणते औषध होते ते सांगत नाहीत. कीटकनाशक अधिनियम, १९६८ मध्ये विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. तो नीट वापरला तरी बरेच काम होईल. नव्या कायद्याची तितकी गरज नाही.

शिक्षकांचे काम

आपल्या अभ्यासक्रमात अमोनियाची हेबर पद्धत असते. खतांमुळे अन्नधान्य वाढले हे आपण शिकवतो. त्याच फ्रिट्झ हेबर यांच्या देखरेखीखाली २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे क्लोरीन सोडला गेला, हे शिकवत नाही. रसायनशास्त्राच्या व्यवसायाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे २०१५ मध्ये हेग येथे अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी तयार केली, तीही वर्गापर्यंत आलेली नाहीत. परीक्षेत गुण नसले तरी एक तासिका या विषयाला देता येईल.

त्याशिवाय तीन साधी कामे सुचवतो. पहिले : कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचे रंग विद्यार्थ्यांना शिकवावेत. लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. लेबलावर किंवा सोबतच्या माहितीपत्रकावर उतारा लिहिलेला असतो. तो घरच्यांना वाचून दाखवण्याचा गृहपाठ द्यावा. रिकामा डबा शाळेत आणायला मात्र सांगू नये. दुसरे : पोषण आहाराचे तेल आणि धान्य जेथे ठेवतात, त्या खोलीत फवारणीचे औषध किंवा त्याचा जुना डबा नाही, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे. तिसरे : विज्ञान मंडळाच्या विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना विनयाने तीन प्रश्न विचारावेत. ॲट्रोपिन किती आहे? कोलिनेस्टरेजची चाचणी कुठे होते आणि उत्तर किती वेळात येते? तापाची साथ दिसली तर खासगी डॉक्टर ती तुम्हाला कळवतात काय?

उत्तरे समाधानकारक असतील तर ती विद्यार्थ्यांना सांगावीत, त्यांचा विश्वास वाढेल. नसतील तर ग्रामसभेत आणि पंचायत समितीत ती मांडावीत. संयुक्त राष्ट्रांच्या समितीला २०३२ पर्यंत मुदत आहे. तोपर्यंत दिल्लीत आणि हेगमध्ये अनेक अहवाल तयार होतील. जामनेर तालुक्याचा अहवाल तयार करायला मात्र एक दुपार आणि एक वही पुरेल.